माशाऐवजी माशाची पेशी : फवारणीचं औषध पाण्याला किती विषारी, हे कसं तपासतात



शेततळ्यात मासे सोडणाऱ्या श्रोत्यांची पत्रं पावसाळ्यात हमखास येतात. मजकूर थोड्याफार फरकानं सारखाच असतो. आदल्या दिवशी कपाशीवर फवारणी केली, रात्री जोराची सर आली, सकाळी तळ्यावर गेलो तर रोहू-कटला पांढरी पोटं वर करून तरंगत होते. आठ महिने भुसा-पेंड घालून वाढवलेला माल एका रात्रीत गेला. आणि पत्राच्या शेवटी एक प्रश्न असतो : "डब्यावर तर लाल त्रिकोण नव्हता. मग मासे मेले कसे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर औषधाचा विषारीपणा मोजतात कसा, हे आधी समजून घ्यायला हवं. त्या मोजणीत गेल्या काही वर्षांत एक नवी रीत आली आहे. जिवंत मासा मारून पाहण्याऐवजी काचेच्या बाटलीत वाढवलेल्या माशाच्या पेशींवर औषध तपासायचं. ही रीत काय आहे, तिचा भरवसा किती, आणि आपल्या तळ्याशी तिचा संबंध काय, ते या पत्रकात सांगत आहोत.

डब्यावरचा त्रिकोण काय सांगतो

कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकोन कोनावर उभा केलेला असतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. आपण त्याला त्रिकोण म्हणतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा असे चार रंग. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ ची त्याची नियमावली यांतून हे रंग आलेले आहेत. लाल म्हणजे प्राण्याच्या दर किलो वजनाला १ ते ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तर निम्मे प्राणी मरतात. पिवळ्यासाठी हा आकडा ५१ ते ५००, निळ्यासाठी ५०१ ते ५०००, आणि त्याहून जास्त लागत असेल तर हिरवा.

आता हे प्राणी कोणते? उंदीर, ससे यांच्यासारखे. म्हणजे अंगावर केस असलेले, पिलांना दूध पाजणारे, आपल्या जातकुळीतले. फवारणाऱ्या माणसाला धोका किती, हे कळावं म्हणून तो रंग आहे. माशाचा त्यात काही संबंध नाही. मधमाशीचाही नाही. हिरवा त्रिकोण पाहून "हे सौम्य आहे, तळ्यात गेलं तरी चालेल" असं कोणी म्हणत असेल तर ते साफ चुकीचं आहे.

सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन या जातीची औषधं घ्या. यांना सिंथेटिक पायरेथ्रॉइड म्हणतात. उंदराच्या अंगात ही औषधं लवकर मोडून पडतात. माशाच्या अंगात ती मोडायला फार वेळ लागतो, आणि कल्ल्यावाटे ती सरळ रक्तात उतरतात. म्हणून उंदराला जे पचतं ते माशाला जहर होतं. सायपरमेथ्रीनच्या बाबतीत एक लिटर पाण्यात काही मायक्रोग्रॅम एवढ्यानं मासे मरतात. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

हे आकडे कानावरून जातात, म्हणून एक ढोबळ हिशेब करून पाहू. समजा, २५ टक्के तीव्रतेचं सायपरमेथ्रीन लिटरला अर्धा मिली या प्रमाणात पंपात घातलं. फवारणी झाली, आणि पंपाच्या तळाशी अर्धा लिटर पाणी उरलं. त्या अर्ध्या लिटरात पाव मिली औषध, म्हणजे साधारण ६२ मिलिग्रॅम खरं विष आहे. लिटरला ५ मायक्रोग्रॅम हा धोक्याचा आकडा धरला, तर एवढं विष १२ हजार ५०० लिटर पाणी माशांसाठी बिघडवू शकतं. पाण्याचा एक मोठा टँकर. पंपात उरलेल्या अर्ध्या लिटरानं! १०० मिलीची अख्खी बाटली तळ्यात सांडली तर याच हिशेबानं ५० लाख लिटर होतात, आणि आपलं ३० मीटर बाय ३० मीटर, ३ मीटर खोल शेततळं भरतं जेमतेम २० लाख लिटरला. प्रत्यक्षात हे औषध गाळाला आणि मातीला चिकटतं, त्यामुळे नुकसान या हिशेबाहून कमी होतं. पण मासा तोवर थांबत नाही.

माशावर चाचणी कशी करतात

औषध माशाला किती विषारी, हे ठरवायची जुनी रीत साधी आहे. काचेच्या टाक्या मांडायच्या. एका टाकीत निव्वळ पाणी, बाकीच्यांत औषधाची चढती मात्रा. प्रत्येकीत ठराविक मासे सोडायचे आणि ९६ तास, म्हणजे चार दिवस, पाहत बसायचं. किती मेले ते मोजायचं. ज्या मात्रेला निम्मे मासे मरतात ती त्या औषधाची मारक मात्रा. आर्थिक सहकार्य व विकास संघटना ही बऱ्याच देशांची मिळून एक संघटना आहे. तिनं घालून दिलेल्या नियमात ही चाचणी २०३ क्रमांकाची आहे. पाच मात्रा आणि एक कोरी टाकी, प्रत्येकीत किमान सात मासे, म्हणजे एका औषधाच्या एका चाचणीला निदान ४२ मासे लागतात.

आपल्या देशात कारखान्याच्या सांडपाण्यालाही अशीच कसोटी आहे. पर्यावरण संरक्षण नियमांप्रमाणे, सोडायच्या सांडपाण्यात काहीही न मिसळता मासे ठेवले तर ९६ तासांनंतर शंभरातले नव्वद जिवंत राहिले पाहिजेत. नदीकाठच्या गावकऱ्यांनी हा नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आणि मत्स्यशेती करणारे तर ही चाचणी स्वतःच करतात, फक्त तिला चाचणी म्हणत नाहीत. जुनं तळं साफ करताना नको असलेले मासे मारायला मोहाची पेंड टाकतात, मीटरभर खोल पाण्याला हेक्टरी साधारण २५०० किलो. मोहाच्या पेंडीत सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं, ते कल्ल्यातून आत जाऊन माशाच्या तांबड्या रक्तपेशी फोडतं. दोन-तीन आठवड्यांनी हा असर उतरतो आणि पेंडीचं खत होतं. पण उतरला की नाही, हे कसं कळणार? जाणकार माणूस पाण्यात हापा, म्हणजे जाळीची चौकोनी पेटी लावतो, त्यात दहा-वीस बोटुकली सोडतो आणि दिवसभर वाट पाहतो. ती तगली तर मग बाकीचं बीज सोडतो. दहा बोटुकली गेली तरी दहा हजार वाचली. हा शहाणपणाचा सौदा आहे, त्यात वाईट काही नाही.

मग प्रयोगशाळेतल्या माशांचंच काय बिघडलं? काही जण विचारतील, मासे आपण मारून खातोच, मग चाचणीत चार मेले तर एवढं काय? याचं उत्तर असं. खाल्लेला मासा कोणाच्या तरी ताटात जातो. टाकीत चार दिवस तडफडून मेलेल्या माशातून एक आकडा निघतो, बाकी काही नाही. तो आकडा जरूर पाहिजे, पण तोच आकडा दुसऱ्या मार्गानं मिळत असेल तर मासा का मारायचा? शिवाय आता रसायनं हजारोंनी आहेत आणि दरवर्षी नवी येतात. प्रत्येकाला चार दिवस, टाक्या, मासे, माणसं असं करत बसलं तर निम्म्या रसायनांची पाळीच येत नाही. तोवर ती ओढ्या-नाल्यांत पोचलेलीही असतात. आम्हाला हा दुसरा मुद्दा जास्त मोलाचा वाटतो. न तपासलेलं रसायन शेतकऱ्याच्या पाण्यात उतरणं ही खरी काळजी आहे.

पेशींचं विरजण

आता पेशी म्हणजे काय, ते पाहू. भिंत जशी विटांची, तसं कोणतंही शरीर पेशींचं. डोळ्याला दिसत नाहीत इतक्या त्या बारीक. प्रत्येक पेशी जिवंत असते, खाते, मलमूत्र टाकते, एकीच्या दोन होते. शरीरातून काढून तिला नीट अन्न, पाणी आणि ऊब दिली तर ती बाहेरही जगू शकते.

टिश्यू कल्चरची केळी आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. कंदाच्या कोंबाचा छोटा तुकडा बाटलीतल्या खाद्यावर ठेवतात आणि त्यातून रोपं तयार करतात. माशाचंही थोडंफार असंच, पण एक मोठा फरक आहे. केळीच्या तुकड्यातून अख्खं झाड उभं राहतं. माशाच्या पेशींतून मासा होत नाही. पेशीच्या पेशीच होतात. बाटलीच्या तळाशी त्यांचा सायीसारखा पातळ थर धरतो, एवढंच. म्हणून आम्हाला विरजणाचा दाखला जास्त पटतो. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात घातलं की उद्याचं दही तयार. आजीच्या वेळचं विरजण अजून चालू आहे असं एखादं घर तुमच्याही गावात असेल. तसंच हे.

सुरुवात अशी होते. एक निरोगी मासा घेतात. त्याचे कल्ले, पर किंवा दुसरा एखादा भाग निर्जंतुक करून त्याचे मिलिमीटरभराचे तुकडे करतात. ते बाटलीत ठेवून वर क्षार, साखर, जीवनसत्त्वं असलेलं पातळ खाद्य घालतात. जंतू वाढू नयेत म्हणून प्रतिजैविकं घालतात. काही दिवसांनी तुकड्याच्या कडेनं पेशी बाहेर सरकायला लागतात आणि तळावर पसरतात. बाटली भरली की त्या सोडवून निम्म्या दुसऱ्या बाटलीत. तीही भरली की तिसऱ्या. बहुतेक वेळा हे विरजण काही फेऱ्यांनी बसतं, वाढ थांबते. पण काही वेळा ते थांबतच नाही, वर्षानुवर्षं चालू राहतं. त्याला पेशींचा स्थायी वंश म्हणतात. जादा पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशाला गोठवून ठेवता येतात. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी डॉक्टर जे भांडं घेऊन येतात, ज्यातून वाफा निघतात, तेच तंत्र. रेताची कांडी जशी लागेल तेव्हा काढतात, तशा या पेशीही.

माशाचा असा पहिला स्थायी वंश अमेरिकेत वुल्फ आणि क्विम्बी या संशोधकांनी १९६२ साली जाहीर केला. इंद्रधनुषी ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या जननग्रंथीपासून तो केला होता. तेव्हा हेतू वेगळा होता. हौदातल्या माशांना होणारे विषाणूंचे रोग ओळखायचे होते, आणि विषाणू वाढवायला जिवंत पेशी लागतात. विष तपासायला या पेशी उपयोगी पडतील हे पुढं सुचलं.

पुढं कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात निल्स बोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच ट्राउटच्या कल्ल्यापासून एक वंश तयार केला. १९९४ साली तो जाहीर झाला. एका माशाच्या कल्ल्यातून निघालेलं हे विरजण आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतं आहे.

कल्लाच का निवडला? मासा पाण्यातून प्राणवायू घेतो तो कल्ल्यातून. तिथलं कातडं इतकं पातळ असतं की पाणी आणि रक्त यांच्यामध्ये नावापुरताच पडदा राहतो. प्राणवायू आत यायचा तर तसंच हवं. पण ज्या दारानं हवा येते त्याच दारानं विषही येतं. घराचा उंबरठा आधी भिजतो तसा विषाचा पहिला मार कल्ल्यावर बसतो. म्हणून कल्ल्याच्या पेशी मेल्या की मासाही मरणार, असा अंदाज बांधला गेला.

एका दिवसात निकाल

चाचणी अशी करतात. तळहाताएवढी प्लॅस्टिकची ताटली, तिला २४ खळगे. प्रत्येक खळग्यात कल्ल्याच्या पेशींचा थर धरू देतात. मग नेहमीचं खाद्य काढून टाकतात आणि साधं क्षारांचं, थोड्या साखरेचं पाणी घालतात, कारण भरपूर खाद्यात विष गुंतून पडतं आणि पेशींपर्यंत पुरतं पोचत नाही. त्या पाण्यात औषधाच्या चढत्या मात्रा. ताटली १९ अंश तापमानात २४ तास ठेवतात. ट्राउट थंड पाण्यातला, म्हणून १९ अंश. आपल्या रोहू-कटल्याच्या पेशींना २८ अंश लागतात.

दुसऱ्या दिवशी पेशी जिवंत आहेत की नाही ते पाहायला तीन रंग वापरतात. एक रंग पेशीचं पोट चालू आहे का ते सांगतो, दुसरा तिची भिंत शाबूत आहे का ते, आणि तिसरा पेशीच्या आतल्या कचरा मोडणाऱ्या पिशव्या धड आहेत का ते. जिवंत पेशीतले रंग ठराविक प्रकाशात चमकतात, मेलेल्यात चमक कमी. यंत्र ती चमक मोजतं. तिन्ही रंगांवरून नुकसान नेमकं कुठं झालं तेही कळतं. ४२ मासे आणि चार दिवस, त्याऐवजी एक ताटली आणि एक दिवस.

यावर भरवसा किती? स्वित्झर्लंडच्या एआवाग या पाण्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेत क्रिस्टिन शिर्मर यांच्या गटानं ३५ रसायनं या पेशींवर तपासली आणि माशांवरचे जुने आकडे शेजारी ठेवून पाहिले. २०१३ साली हे काम प्रसिद्ध झालं. बहुतेक रसायनांत दोन्ही आकडे जवळजवळ आले. मग युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या सहा प्रयोगशाळांनी तीच सहा रसायनं आपापल्या ठिकाणी तपासली, एकाचा निकाल दुसऱ्याशी जुळतो का ते पाहायला. तेही जुळलं. अखेर २०२१ साली वर सांगितलेल्या संघटनेनं २४९ क्रमांकाची चाचणी म्हणून तिला मान्यता दिली.

जिथं पेशी चुकतात

आता ही गोष्ट नीट वाचा, कारण ती थेट आपल्याशी संबंधित आहे. त्या ३५ रसायनांत काही ठिकाणी पेशी आणि मासे यांचं जमलं नाही. त्यांत परमेथ्रीन आणि लिंडेन होती. दोन्ही कीटकनाशकं! पेशी म्हणत होत्या की फारसं काही झालं नाही, आणि मासा मात्र थोड्याशा मात्रेनं मरत होता.

कारण सरळ आहे. ही औषधं मज्जातंतूंवर मार करतात. किडीला झटके येऊन ती मरते ती याचमुळे, आणि माशाचंही तेच होतं. पण कल्ल्याच्या पेशीला मज्जातंतू कुठं आहेत? जिथं विष चिकटतं ती जागाच तिच्यात नाही. दार शाबूत राहिलं म्हणून घरातला माणूस जिवंत आहे असं म्हणता येत नाही, तसलाच प्रकार. अलाइल अल्कोहोल नावाच्या रसायनातही पेशी फसल्या. त्याचं विष अंगात गेल्यावर तयार होतं, आणि कल्ल्याच्या पेशीत ते तयार होत नाही.

म्हणजे गंमत पहा. शेतकरी ज्या जातीची औषधं सर्रास वापरतो, त्यांतल्या पुष्कळांच्या बाबतीत नुसत्या कल्ल्याच्या पेशींवर विसंबून चालणार नाही. हे शास्त्रज्ञांनीच तपासून स्वतः सांगितलं आहे, हे त्यांच्या जमेला धरलं पाहिजे. म्हणून ही चाचणी आज माशांवरच्या चाचणीला पूर्णपणे हटवत नाही. आधी पेशींवर अंदाज घ्यायचा, जहाल मात्रा कोणती ते ओळखायचं, आणि माशांवर पाहायची वेळ आलीच तर थोडे मासे लागतील असं करायचं, असा तिचा उपयोग आहे. साबण, द्रावकं, रंग, कारखान्याचं सांडपाणी यांच्यासाठी ती जास्त कामाची.

मज्जातंतूंच्या विषासाठी माशाची अंडी हा एक मधला मार्ग निघाला आहे. झेब्रा मासा हा भारतीय उपखंडातल्याच ओढ्या-नाल्यांतला बोटाच्या दोन पेरांएवढा पट्टेरी मासा. त्याचं अंडं काचेसारखं पारदर्शक असतं, आत पिल्लू तयार होताना दिसतं, त्याच्या काळजाचे ठोके मोजता येतात. आणि त्या पिल्लाला मज्जातंतू असतात. २०१३ साली या अंड्यांच्या चाचणीलाही मान्यता मिळाली. युरोपच्या कायद्यात पिल्लू स्वतः खायला लागेपर्यंत त्याला प्रयोगाचा प्राणी धरत नाहीत. जर्मनीनं तर २००५ पासूनच सांडपाणी तपासायला जिवंत मासे सोडून अंडी वापरायला सुरुवात केली. आपल्याकडचा शंभरात नव्वदचा नियम अजून माशांवरच उभा आहे. आमच्या मते त्याचाही कधीतरी विचार व्हायला हवा, पण नियम सैल न करता. नदीकाठच्या गावाला आज तेवढाच एक आधार आहे.

आपल्याकडचं काम

आपल्या देशात हे काम नाही असं नाही. तामिळनाडूत मेलविशारम इथं सी. अब्दुल हकीम महाविद्यालय आहे. तो सगळा भाग चामडं कमावण्याच्या धंद्याचा, आणि त्या सांडपाण्याचा त्रास तिथल्या पाण्याला झालेला. तिथल्या प्रा. साहुल हमीद यांच्या गटानं आपल्या ओळखीच्या माशांचे, कटला, रोहू आणि मरळ यांच्या कल्ल्यांचे पेशीवंश तयार केले. चामड्याच्या कारखान्याचं सांडपाणी त्यांवर तपासलं. २०१४ साली पाच पेशीवंशांवर सायपरमेथ्रीनची चाचणी करून, ते पेशींना मारतं आणि त्यांच्यातल्या आनुवंशिक द्रव्यालाही इजा करतं, हे त्यांनी दाखवलं. थंड पाण्यातल्या परदेशी ट्राउटपेक्षा आपल्या तळ्यातल्या रोहूची पेशी आपल्याला जास्त खरं सांगणार, हे उघड आहे.

लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोत माशांच्या पेशीवंशांचं राष्ट्रीय भांडार आहे. बियाणं जसं बीज भांडारात जपतात तशा तिथं पेशी जपतात, आणि संशोधकांना देतात. आपल्या मुंबईला वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतही माशांच्या पेशींवर काम झालं आहे.

एक गोष्ट लपवून ठेवायची नाही. या पेशी वाढवायला जे खाद्य लागतं त्यात बहुधा गर्भातल्या वासराच्या रक्ताची लस असते. परदेशात कत्तलखान्यातून ती येते. चाचणीच्या दिवशी ती वापरत नाहीत, पण पेशी पोसायला लागते. तेव्हा "एकाही प्राण्याला इजा नाही" असं कोणी सांगितलं तर ते पुरतं खरं नाही. त्या लशीशिवाय पेशी वाढवायचे प्रयत्न चालू आहेत.

तळ्याच्या काठावर

प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत काय निघालं, हे औषधाच्या डब्यासोबतच्या माहितीपत्रकात एका ओळीत येतं. "माशांना विषारी", "तळी, ओढे यांत मिसळू देऊ नये" अशी ती ओळ असते. अक्षर बारीक असतं. घरातल्या शाळकरी पोराला वाचायला सांगा, पण फवारणीआधी ती ओळ शोधाच. त्रिकोणाच्या रंगावर जाऊ नका.

पंप तळ्यावर, ओढ्यावर, विहिरीच्या काठावर धुऊ नये. पंप धुतलेलं पाणी त्याच शेतात, त्याच पिकावर फवारून टाकावं. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावं. वारा तळ्याकडे वाहत असेल तर त्या बाजूच्या ओळी दुसऱ्या दिवसावर ठेवा. आभाळ भरून आलं असेल तर फवारणी पुढं ढकला; औषध वाया जातं ते वेगळंच. शेताचं पाणी तळ्यात उतरत असेल तर मध्ये गवताचा पट्टा किंवा छोटा बांध ठेवा. कोळंबी सोडली असेल तर दुप्पट जपा, पायरेथ्रॉइड औषधं कोळंबीला आणि खेकड्यांना माशांहूनही जहाल असतात.

आणि एवढं करूनही एखाद्या सकाळी मासे तरंगताना दिसले तर आधी डोळ्यांनी तपासा. प्राणवायू कमी पडून मेले असतील तर बहुधा पहाटे मरतात, ढगाळ दिवसांनंतर मरतात, मरण्याआधी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतात, आणि मोठे मासे आधी जातात. अशा वेळी ताजं पाणी सोडा, पाणी ढवळा, खाद्य बंद करा. पण दिवसाच्या कोणत्याही वेळी लहान-मोठे सगळेच एकदम मेले, मासे वेडेवाकडे पोहत होते, बेडूक-गोगलगायी आणि पाण्यातले किडेही मेले, तर विषाचा संशय धरा. तळ्यात येणारं पाणी लगेच बंद करा. मेलेले मासे खाऊ नका, विकू नका, गुरांना ते पाणी पाजू नका. स्वच्छ काचेची बाटली त्याच पाण्यानं विसळून काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा. नुकताच मेलेला एखादा मासा वेगळ्या पिशवीत घाला. दोन्हीवर तारीख, वेळ, तळ्याची कोणती बाजू, आणि शेजारच्या शेतांत गेल्या चार दिवसांत काय फवारलं ते लिहून बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पोचवा. पाण्यातलं औषध उन्हानं आणि गाळानं लवकर नाहीसं होतं. दोन दिवसांनी भरलेल्या बाटलीत काही सापडत नाही.

पुन्हा बीज सोडण्याआधी हापा लावा, दहा-वीस बोटुकली त्यात ठेवा आणि निदान एक रात्र जाऊ द्या. हापा काठाशी लावू नका, शेताचं पाणी ज्या कोपऱ्यातून तळ्यात उतरतं तिथं लावा.